सब ठीक, सर

दार उघडं असलं तरी ते आत यायचे नाहीत. उंबऱ्याच्या अलीकडे थांबायचे, बोटाच्या पेरानं चौकटीवर दोनदा वाजवायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "मी हाय. मीच हाय." मग कुणीतरी "या" म्हणेपर्यंत तिथेच उभे. आमचं ऑफिस म्हणजे एक खोली आणि दोन टेबलं. त्यांना आत कोण आहे ते दिसायचं, आम्हाला ते दिसायचे. तरीही. एकदा मी फोनवर होते म्हणून मानेनंच "या" म्हटलं, तर ते हलले नाहीत. फोन ठेवून तोंडानं म्हटलं तेव्हा आले.

"मान हलवून चालत नाय, मॅडम," खुर्ची ओढत म्हणाले. "आवाज पायजे."

माझा आवाज मुळातच बारीक. त्यावरून ते मला हमखास छेडत. "तुमाला वायरलेसवर बसवायला पायजे होतं. शत्रूला कायच ऐकू गेलं नसतं. आपल्यालापन नाय." स्वतःच हसायचे. हसताना डोळे मात्र माझ्या खांद्यावरून मागच्या खिडकीकडे असायचे.

हे ऑफिस खालापूरला, तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत. एका निवृत्त सुभेदार साहेबांचं. आसपासच्या गावांतले फौजेतून परतलेले लोक पेन्शनच्या, दवाखान्याच्या कार्डाच्या कामासाठी त्यांच्याकडे येतात. मी भिसेगावहून स्कूटीवर येते. मला ठेवलंय ते इंग्रजीसाठी. साहेब मराठीत आणि फौजी हिंदीत सांगतात, मी ते इंग्रजीत लिहिते. माझी शाळा इंग्रजी होती. घरी मराठी, कागदावर इंग्रजी आणि बाहेर शक्यतो काहीच नाही, असं माझं चालतं. अशा माणसासमोर लोक मोकळे होतात, हे मला या नोकरीत कळलं. मध्ये प्रश्न येणार नाही याची त्यांना खात्री असते.

दाराशी थांबणारे ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, आणि साहेब त्यांना हवालदारच म्हणत. मी काका म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला काकी. घर खालापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात. फौज सोडल्यावर ते शिळफाट्याला एका सराफाच्या दुकानाबाहेर गनमॅन म्हणून उभे राहत. तुम्हीही असे लोक पाहिले असतील. दुकानात शिरताना आपण त्यांच्याकडे बघत नाही, फक्त बंदुकीकडे बघतो. ती बंदूक दुकानाची नसते, त्या माणसाची स्वतःची असते. परवाना त्याच्या नावाचा, तेल-कापड त्याचं, आणि संध्याकाळी ती त्याच्याबरोबर घरी जाते. ज्याच्याकडे बंदूक त्याला सराफाचं दार, ज्याच्याकडे नाही त्याला फार्महाउसचं फाटक.

मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ते फाटकावर होते. आमच्याकडे तेव्हा एकामागून एक निवडणुका लागल्या होत्या. आचारसंहिता आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. काही गनमॅनना सूट मिळते, यांना मिळाली नव्हती. "सध्या काठीवाला हाय मी," ते सांगायचे. "चोर आला तर काठी दाखवतो आन् इनंती करतो, बाबा, निकाल लागल्यावर ये."

त्यांची बायको पहिल्यांदा आली ती एकटीच. वालाच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली, पदरानं मान पुसली आणि साहेबांचा फोन संपेपर्यंत गप्प बसून राहिली. मग म्हणाली, "त्यांच्या आजाराचा अर्ज भरायचा हाय."

"कसला आजार, वहिनी?"

"तुमाला म्हाईत नाय?"

साहेबांनी फोन बाजूला सरकवला.

"गनपतीत गल्लीतल्या पोरांनी फटाके लावले," ती सांगू लागली. "भर दुपारची वेळ. हे जेवत व्हते. ताटावरनं उठले, खुंटीची बंदूक घेतली आन् दाराआड बसले. पोरगी बोलवायला गेली, तर तिच्याकडं रोखली. अर्धा तास रोखून व्हते. तिला हलता येईना. नंतर इचारलं तर काय आठवत नाय म्हनले."

"काडतुसं होती त्यात?" साहेबांनी विचारलं.

"काडतुसं मी तांदळाच्या डब्यात ठेवते, खाली दाबून. ते शोधत व्हते."

मी टाइप करायचं थांबले होते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू घाबरू नको गं पोरी. आता इलेक्शन हाय. आता आमी झोपतो."

साहेबांनी तिला नीट समजावलं. फौजेतल्या एखाद्या प्रसंगानं मनाला इजा झाली असेल, तर त्या आजाराचीही पेन्शन मिळते. तो आजार नोकरीमुळेच जडला हे मात्र दाखवावं लागतं. प्रसंग सांगावा लागतो, डॉक्टरांचा दाखला लागतो आणि सही त्यांची स्वतःची लागते. नोकरी सुटल्यापासून ठरावीक वर्षांतच अर्ज करता येतो, आणि यांची मुदत संपायला आली होती. "पण एक लक्षात घ्या, वहिनी. एकदा 'मानसिक' हा शब्द कागदावर आला की परवाना जाणार. बंदूक जाणार. शिळफाट्याची नोकरी कायमची जाणार."

"मंग लिवा लवकर," ती म्हणाली. "पैसे नाय मिळाले तरी चालंल. ती घराभायेर पायजे."

दुसऱ्या दिवशी ते आले. चौकटीवर दोनदा वाजलं. "मी हाय. मीच हाय." आत येऊन बसले ते माझ्याशी थट्टा न करताच.

"साहेब, वेड्याची पेन्शन मला नको."

"वेड्याची कोण म्हणतंय? आजार आहे. पायात गोळी लागली असती तर घेतली असतीस ना?"

"पाय दिसतो, साहेब. लोकांना दाखवता येतो." मग खालच्या आवाजात, "गावात माझं नाव हाय. कुनाच्या घरात साप निघाला तरी मला बोलावतात. उद्या म्हनतील, हवालदाराची बंदूक सरकारनं काढून घेतली, डोकं फिरलं म्हनून. पोरीचं जमवायचं हाय अजून."

साहेबांनी विषय तिथेच सोडला. ते मात्र येत राहिले. फाटकावरची ड्युटी दुपारी सुटायची आणि ऑफिस वाटेत होतं. चहा घ्यायचे, पेपर चाळायचे. आमच्या बाजूला दगडाच्या खाणी आहेत. सुरुंग लावण्याआधी भोंगा होतो, मग जमीन हादरते. मी दर वेळी दचकायची. ते मजेत बसलेले असत.

"याची भीती नाय वाटत, काका?" मी एकदा विचारलं. माझ्या मानानं हे फार बोलणं झालं.

"ते लोक बरे. सांगून उडवतात," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

त्यानंतरच्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी एका टेंपोचा टायर फुटला.

नीट सांगायचा प्रयत्न करते. मी टेबलापाशी बसून त्यांना दवाखान्याच्या कार्डाचा फोटो दाखवत होते. आवाज झाला, आणि पुढचं मला कळलं तेव्हा मी टेबलाखाली होते, गाल फरशीवर आणि डोक्यावर त्यांचा तळहात. तो हात जड होता आणि अजिबात थरथरत नव्हता. ते माझ्या आणि दाराच्या मधे पालथे पडले होते, उजवा हात पुढे करून फरशीवर काहीतरी चाचपत. बाहेर कुणीतरी टेंपोवाल्याला शिव्या देत होतं. क्लीनर हसत होता. मी "काका" म्हटलं, पण माझा आवाज तो असा. मग मी पुन्हा म्हटलं.

हात सैल झाला. ते उठून बसले. माझा चष्मा शोधून शर्टाला पुसून दिला.

"प्रॅक्टिस, मॅडम," म्हणाले. हसायला गेले, पण ते काही जमलं नाही.

फरशीवर चाचपणारा तो हात मी घरी जाताना सगळा रस्ता आठवत होते. ते काय शोधत होते आणि ते त्या दिवशी कुठे कुलपात होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच दिवशी, मी निघण्याआधी, साहेब आल्यावर ते आपणहून बोलले होते. माझ्याकडे बघून सांगत होते, कारण मी कागदाकडे बघत होते.

"वरती एक पोस्ट व्हती. पहाटेचं धुकं, आपला हात आपल्याला दिसत नाय असं. मी पहाऱ्यावर. खालून कोनतरी चढत येतंय. तीनदा इचारलं, थम, कौन आता है? तिन्ही वेळेला उत्तर नाय. मंग जे शिकवलंय ते केलं. आमचंच पोरगं. नवीन आलेलं. तोंड धुवायला गेलं व्हतं खाली. हातात ब्रश, तोंडात फेस. तो बोलनार कसा?"

साहेबांनी विचारलं, "चौकशी?"

"झाली. नियमानं केलं, असं ठरलं. शिक्षा नाय. दोन दिवसांनी परत त्याच पहाऱ्यावर."

कुठल्याही दाराशी ते ओरडून स्वतःची ओळख का देत, ते मला तेव्हा समजलं.

मी तो मजकूर इंग्रजीत लिहिला. छोटाच झाला, सात-आठ ओळींचा. मग त्यांना मराठीत वाचून दाखवला. ते मान खाली घालून ऐकत होते.

"ब्रशचं लिवलं?"

"हो, काका."

"ते काढता येईल का? त्याच्या आईला ड्युटीवर गेला एवढंच म्हाईत हाय. कागद फिरत फिरत तिकडं गेला तर?"

"हा कागद तिकडे जात नाही, हवालदार," साहेब म्हणाले. "आणि तो फेस नसला, तर तुला काय झालंय ते डॉक्टरांना कळायचं नाही."

बराच वेळ त्यांनी पेन नुसतं धरलं होतं. मग सही केली. एकेक अक्षर सुटं, शाळेतल्यासारखं. अर्जाचा निकाल लागेपर्यंत बंदूक ठाण्यातच ठेवायची, निवडणुका संपल्या तरी आणायची नाही, हेही त्यांनी कबूल केलं. काकी त्या दिवशी आम्हाला पेढे देऊन गेली. कशाचे पेढे म्हणून साहेबांनी विचारलं तर म्हणाली, "पोरगी पास झाली." मुलीचा निकाल लागायला अजून अवकाश होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून दाखला दिला. अर्ज गेला. काही महिन्यांनी लष्करी इस्पितळात तपासणीसाठी बोलावणं आलं. तिथे तीन डॉक्टर बसतात आणि माणसाला समोर उभं करून विचारतात. सगळं त्या दहा-पंधरा मिनिटांवर ठरतं.

साहेबांनी आठवडाभर तालीम घेतली. माझ्या टेबलामागे ते डॉक्टर होऊन बसायचे. उन्हाळा होता, त्यामुळे हाफ पँट आणि जाळीचं बनियन.

"नींद आती है?"

"नाय येत, साहेब. दोन-दोन तास नुसता छताकडं बघतो."

"शाबास. गुस्सा आता है?"

"तुमचे पाय बघितले की येतो."

"नीट उत्तर दे, गाढवा!"

काकी दारात बसून हसून हसून खोकायला लागायची. मीही हसले. त्या आठवड्यात ऑफिसात जितकं हसू झालं तितकं त्याआधी कधी झालं नव्हतं. आठवड्याअखेर काका सगळं सांगू लागले होते, अडखळत, पण सगळं. पहाट, धुकं, फेस. मुलीवर रोखलेली बंदूकसुद्धा. ते सांगताना रडले, आणि साहेबांनी बनियनच्या टोकानं स्वतःचे डोळे पुसले. "हेच," म्हणाले. "अगदी हेच सांगायचं."

तपासणीला आम्ही चौघं गेलो. मी कागदांची पिशवी सांभाळायला. काकांनी पांढरा शर्ट घातला होता, बुटांना पॉलिश होतं. त्यांना आत बोलावलं तेव्हा दार पुरतं लागलं नाही. आम्ही बाकावर होतो. आतले डॉक्टर आम्हाला दिसले, तिघंही वर्दीत. मधल्यांच्या खांद्यावर बरंच काही चमकत होतं.

बुटाच्या टाचा एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला.

"आराम से. बैठिए, हवालदार," मधले म्हणाले. आवाज मऊ होता, खरंच चांगल्या माणसाचा. "कैसे हैं?"

"सब ठीक, सर!"

काकीनं माझं मनगट धरलं.

"नींद कैसी आती है?"

"अच्छी आती है, सर!"

"कोई डर, कोई बुरा सपना? जो आपने लिखा है, उसके बारे में बताइए. घबराइए मत."

"कोई तकलीफ नहीं, सर!"

"देखिए, यहाँ खुलकर बोल सकते हैं."

"जी सर! सब ठीक, सर!"

"खोटारडा," काकी पुटपुटली. मग मोठ्यानं, "अवो, सांगा ना!" ती उठून दाराकडे गेली. दारावरच्या जवानानं तिला अडवलं, उद्धटपणे नाही, फक्त हात आडवा केला आणि दार लावून घेतलं. साहेब जागचे हलले नाहीत. ते स्वतः ताठ बसले होते, दोन्ही मुठी मांडीवर, नजर समोर. आतल्या वर्दीसमोर तेही कधी सावधान झाले होते, ते त्यांनाच कळलं नसावं.

काका बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता.

"का वो? का असं बोललात?" ती विचारत होती. रागही नव्हता तिच्या आवाजात.

"समोर साहेब लोक," ते म्हणाले. "वर्दीत. तोंडातनं तेच निघालं." मग घाबरल्यासारखं साहेबांना, "मी परत जाऊ का आत? परत सांगू?"

परत आत जाता येत नाही. परतताना गाडीत, चौक गावाजवळ आल्यावर, साहेब म्हणाले, "मी वर्दी घालून बसायला हवं होतं." त्यांची वर्दी घरी ट्रंकेत आहे, इस्त्री केलेली.

निकाल पावसाळ्यात आला. तपासणीत मानसिक आजार आढळला नाही. मी काकांना तो वाचून दाखवला. अपील करता येतं, तेही साहेबांनी मला सांगायला लावलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर विचारलं, "म्हंजे मी बरा हाय, असं लिवलंय?"

"तसं नाही, काका. आढळला नाही, एवढंच..."

"पन लिवलंय तीन-तीन डॉक्टरांनी. मोठ्या." त्यांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. चेहरा हलका झाला होता. इतक्या महिन्यांत तसा हलका मी पाहिला नव्हता. "मला उगाच वाटायचं, मॅडम. घरच्यांनी पन डोक्यात घातलं. फाटकावर उभं राहून मानूस खचतो. बाकी काय नाय."

साहेब त्यांना बरंच बोलले. शेवटी ओरडले. काका उठून उभे राहिले, ताठ, आणि म्हणाले, "सब ठीक, साहेब."

परवान्याच्या नूतनीकरणाला तब्येतीचा पुरावा लागतो. त्यांच्याकडे आता त्याहून वरचा होता. निवडणुका कधीच्या संपल्या होत्या. दसऱ्याच्या आधी मी शिळफाट्याला बाजारात गेले, तर सराफाच्या दाराशी ते उभे होते, निळ्या गणवेशात, बारा बोरची दुनळी खांद्याला. रस्ता ओलांडून त्यांना हाक मारावी असं मनात आलं. गर्दी होती, भोंगे वाजत होते, हाक त्यांच्यापर्यंत पोचली नसती. हाक न देता तसंच जवळ जायचं माझं धैर्य झालं नाही.

ऑफिसात ते आता येत नाहीत. वाट बदलली. काही मूळ दाखले आमच्याकडे राहिले होते, ते द्यायला साहेबांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. दुपारची वेळ, ते ड्युटीवर होते. काकीनं पुढच्या दारानं आत घेतलं आणि थेट स्वयंपाकघरात नेलं. बाहेर लख्ख ऊन असताना तिथे दिवा लावलेला होता.

त्या आळीत घरं पाठीला पाठ लावून आहेत. बायकांचं सगळं येणं-जाणं मागच्या दारांनी चालतं. विरजण मागायला, कुणाची पोर राखायला, नुसतं बसायला. कुणी कुणाला विचारत नाही, पडदा सारून आत येतात. काकीच्या घरी मागच्या दाराची चौकट होती, आणि चौकटीत खालपासून वरपर्यंत विटा. कोऱ्या, गिलावा न केलेल्या.

"बुजवलं," ती म्हणाली. "मीच गवंडी आनला. त्यांना सांगितलं, उंदीर येतात."

चहाचं आधण ठेवत ती पलीकडच्या जावेबद्दल सांगत होती. जाव आधी फार चिडली, म्हणे आमचा येवढा कंटाळा आला का. तिला सगळं काय सांगणार? ते घरात असताना मागून यायचं नाही, एवढंच सांगितलं. मग सवय झाली. गवंड्यानं धुरासाठी अगदी वर एका विटेची जागा मोकळी सोडली होती.

आम्ही चहा पीत असताना त्या भोकातून एक हात आत आला. बांगड्यांचा हात, त्यात झाकलेली वाटी. "धर गं, घावने हायेत, गरम हायेत," भिंतीपलीकडे दगडावर चढलेल्या जावेचा आवाज.

काकी इतक्या जोरात उठली की तिचा कप लवंडला. "हात काढ! आधी हात काढ भायेर!"

"अगं, तो कुठं आलाय अजून?"

"काढ म्हनते ना!"

हात गेला. पलीकडे वाटी दगडावर ठेवल्याचा आवाज झाला. काकीनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढली, गोणपाटाचा बोळा करून त्या भोकात बसवला आणि मुठीनं ठोकून ठोकून घट्ट केला. खाली उतरून तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझी पिशवी माझ्या हातात दिली.

"निघ पोरी," ती म्हणाली. "यायची वेळ झाली त्यांची."